महाराष्ट्र, गुजरात की मध्य प्रदेश : कामगार कायद्याच्या दृष्टीने मोकळे राज्य कोणते?

मिरचीपथारी (नंदुरबार) यांचा प्रश्न :

नमस्कार मंडळी. नंदुरबारला आमचा लाल मिरचीचा वडिलोपार्जित व्यवसाय आहे. हंगामात पथारीवर मिरची वाळवायची, बायांकडून देठ खुडून घ्यायचे, निवड करून माल बाहेरच्या पेठांत पाठवायचा, हे आजोबांच्या काळापासून चालू आहे. मिरचीपूड करण्याचे लहान युनिट मात्र अलीकडचे. आता दुसरे, थोडे मोठे युनिट टाकावे असे घरात ठरत आले आहे, परंतु जागा कुठे घ्यायची यावर एकमत होत नाही. जिल्ह्याला दोन राज्यांच्या सीमा लागून असल्याने पर्याय तीन आहेत : नवापूरची एमआयडीसी, तिच्या पलीकडे गुजरातेत उच्छल किंवा व्यारा, आणि शहाद्यावरून वर गेले की मध्य प्रदेशातले खेतिया.

बाजार समितीत ज्याला विचारावे तो एकच सांगतो की गुजरातेत जा, तिकडे कामगार कायद्याची कटकट नाही, युनियन नाही, माणूस ठेवायला आणि काढायला मालक मोकळा आहे. उलट, आमच्याच पथारीवर येणाऱ्या धडगाव-अक्कलकुव्याकडच्या बायांच्या घरची माणसे दिवाळीनंतर बारडोलीकडे ऊसतोडीला जातात, आणि त्यांच्या बोलण्यातून जे गुजरात समोर येते त्याला मोकळे म्हणवत नाही. इंटरनेटवर राज्यांच्या क्रमवाऱ्या पुष्कळ आहेत, पण एका यादीत वर असलेले राज्य दुसऱ्या यादीत तळाशी सापडते.

जाणकारांना माझे दोन प्रश्न आहेत. या तीन राज्यांच्या कामगार कायद्यांत माझ्यासारख्या लहान उद्योजकाला जाणवेल असा फरक खरोखर किती आहे? आणि रोजगाराचे स्वातंत्र्य मोजायचे झाले, तर ते नेमके कशावर मोजावे?

आप्पा (जळगाव) :

जळगावात डाळ मिलपासून पीव्हीसी पाइपच्या कारखान्यांपर्यंत अनेकांची कामगारविषयक कागदपत्रे सांभाळण्यात माझी नोकरीची वर्षे गेली, त्या आधारावर लिहितो.

कामगार हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे. केंद्र कायदा करते, आणि राष्ट्रपतींची संमती मिळाली तर राज्याला त्यात आपल्यापुरता बदल करता येतो. राज्याराज्यांतील फरक बहुतांशी याच दाराने आले आहेत. महाराष्ट्र आणि गुजरातच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. १ मे १९६० पर्यंत हे एकच राज्य होते, त्यामुळे अमळनेरची प्रताप मिल आणि अहमदाबादच्या गिरण्या १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली एकाच नियमाने चालत होत्या. गुजरातेत युनियन नाही असे म्हणणाऱ्यांना अहमदाबादची मजूर महाजन ही गिरणी कामगारांची संघटना १९२० पासूनची आहे, हे बहुधा माहीत नसते.

व्यापारी मंडळी ज्या काढून टाकण्याच्या मोकळीकीबद्दल बोलतात, तिचा आधार औद्योगिक विवाद कायद्यातील एका प्रकरणात होता. कामगार कपात करायची किंवा कारखाना बंद करायचा तर सरकारची पूर्वपरवानगी घ्यावी लागे. १९७६ मध्ये ही अट ३०० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांना होती. १९८२ च्या दुरुस्तीने ती १०० वर आणली. पुढे २०१४ मध्ये राजस्थानने आपल्यापुरती ती पुन्हा ३०० केली आणि इतर काही राज्ये त्याच वाटेने गेली. आता २९ केंद्रीय कायद्यांच्या जागी आलेल्या चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या असून त्यांत देशभरासाठी ३०० हाच आकडा आहे. राज्याला तो अधिसूचनेने वाढवता येतो, कमी करता येत नाही. मिरचीपूडच्या युनिटमध्ये तीनशे माणसे लागणार नाहीत, तेव्हा परवानगीचा हा बागुलबुवा आपल्याला नवापुरातही नाही आणि व्याऱ्यातही नाही. वर्षभर सलग काम केलेल्या माणसाला कमी करताना एक महिन्याची नोटीस आणि पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन द्यावे लागते, ते तिन्ही ठिकाणी सारखेच आहे. भविष्य निर्वाह निधी वीस माणसांपासून आणि ग्रॅच्युइटी दहा माणसांपासून लागू होते, हेही केंद्राचेच असल्याने सीमा ओलांडून सुटका नाही.

मग फरक कुठे आहे? माझ्या मते खरा फरक एकाच कायद्यात आहे, तो म्हणजे महाराष्ट्राचा १९७१ चा कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणारा कायदा. याखाली कामगाराला किंवा त्याच्या संघटनेला सरकारच्या मध्यस्थीची वाट न पाहता थेट न्यायालयात तक्रार दाखल करता येते. माणसाला वर्षानुवर्षे बदली किंवा हंगामी म्हणून राबवून कायमपणाच्या लाभांपासून दूर ठेवणे, ही त्यातली एक ठरलेली अनुचित प्रथा आहे. जळगावातले मालक ज्याला कटकट म्हणतात ती नव्वद टक्के हीच असते, आणि तक्रारींची मुळे शोधत गेले तर बहुतेक वेळा आठ-आठ वर्षे हंगामी राहिलेला माणूसच सापडतो. केंद्राच्या संहितांनी केंद्राचे कायदे रद्द केले आहेत; हा राज्याचा कायदा रद्द केलेल्यांच्या यादीत नाही.

हमालीसाठी १९६९ चा माथाडी कायदा आहे, त्याचा हिशेब महाराष्ट्रात जागा घेताना जरूर करावा.

कामाच्या तासांबाबत मात्र दोन्ही राज्ये एकमेकांच्या मागोमाग चालली आहेत. जुलै २०२५ मध्ये गुजरातने अध्यादेश काढून, आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम ठेवत, कारखान्यातील दिवस बारा तासांपर्यंत नेण्याची मुभा दिली, आणि सप्टेंबरमध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने दिवसाची मर्यादा नऊवरून बारा तास आणि तिमाहीतील जादा कामाची मर्यादा ११५ वरून १४४ तास करण्यास मंजुरी दिली. ज्या मोकळीकीसाठी लोक सीमा ओलांडायला निघाले आहेत, ती सीमेच्या अलीकडे चालत येत आहे.

प्राध्यापक (धुळे) :

आप्पांनी कायद्याची बाजू सांगितलीच आहे, म्हणून मी फक्त क्रमवाऱ्यांविषयी लिहितो, कारण त्यांच्यावर विसंबून घेतलेले निर्णय मी पाहिले आहेत.

या विषयावरचा सर्वांत गाजलेला अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९५८ ते १९९२ या काळात भारतातील राज्यांनी औद्योगिक विवाद कायद्यात केलेल्या दुरुस्त्या वाचल्या, कामगारांच्या बाजूच्या दुरुस्तीला अधिक एक, मालकाच्या बाजूच्या दुरुस्तीला उणे एक आणि इतरांना शून्य असे गुण दिले, आणि त्यांची बेरीज करून राज्ये वर्गात बसवली. निष्कर्ष असा की गुजरात कामगारांच्या बाजूचे राज्य ठरले, महाराष्ट्र आणि पश्चिम बंगालच्या रांगेत. आणि केरळ, होय, केरळ, मालकांच्या बाजूच्या राज्यांत गेले. गुजरातला हे बिरूद मिळाले ते १९७३ च्या एका एकुलत्या दुरुस्तीमुळे, जिच्यानुसार संयुक्त व्यवस्थापन परिषदेवर आपले प्रतिनिधी न नेमणाऱ्या मालकाला दिवसाला ५० रुपये दंड होऊ शकत होता. पुढे दिल्लीतील अर्थशास्त्रज्ञांनी यावर सडकून टीका केली, तरी ती वर्गवारी नंतरच्या कितीतरी शोधनिबंधांत जशीच्या तशी उचलली गेली.

अमेरिकेतील राज्यांच्या ज्या याद्या आपल्या वाचनात येतात त्या तर आपल्याला लावूच नयेत. तिकडे मोंटाना हे एक राज्य सोडले तर खाजगी नोकरीत मालकाला कारण न देता माणूस काढता येतो, आणि याद्यांचा सगळा खेळ युनियनची वर्गणी सक्तीची असावी की नाही यावर चालतो. आपल्याकडे तो प्रश्नच नाही.

सर्व क्रमवाऱ्यांत एक समान दोष आहे. त्या राजपत्रात छापलेले मोजतात. ज्या मजुराचे नाव कोणत्याही हजेरीपत्रकावर नाही, त्याच्यासाठी राजपत्रातला अधिक एक आणि उणे एक यांची किंमत शून्य असते, आणि आपल्या खान्देशच्या तीन जिल्ह्यांतून कामासाठी बाहेर पडणारा बहुतेक माणूस याच प्रकारात मोडतो.

सातपुडा पायथा (तळोदा) :

मी आश्रमशाळेत शिकवते. प्रश्नकर्त्या दादांनी ऊसतोडीचा उल्लेख केला आहे, म्हणून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तिथूनच द्यावेसे वाटते.

पावसाळ्यात, घरातले धान्य संपत आलेले असताना मुकादम पाड्यावर येतो आणि उचल देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. ज्या दिवशी उचल घेतली त्या दिवशी पुढच्या हंगामाचे ठरून जाते : कुठल्या कारखान्याच्या फडात जायचे, किती दिवस राहायचे आणि मध्येच दुसरीकडे जास्त मजुरी मिळाली तरी जायचे नाही. हंगामात खायला ज्वारी मिळते, तीही खावटी म्हणून नावावर चढते. हिशेब हंगाम संपल्यावर. उचलीची रक्कम दीडपट करून कापली, असे आमच्या भागात घराघरात ऐकायला मिळते. होळीला माणसे परत येतात तेव्हा काही पालक माझ्याकडे मुकादमाने दिलेली चिठ्ठी वाचून घ्यायला येतात. तिच्यावर उचल, खावटी, दवाखाना, होळीची खर्ची असे सगळे तारखेनिशी लिहिलेले असते; किती टन ऊस तोडला, तो आकडा मात्र मी ज्या चिठ्ठ्या वाचल्या त्यांतल्या बहुतेकींवर नव्हता.

आता कायद्याकडे पाहा. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यात वेठबिगारीची जी व्याख्या आहे, तिच्यात घेतलेल्या उचलीच्या बदल्यात मजुराने ठरावीक काळासाठी रोजगाराचे स्वातंत्र्य किंवा देशात कुठेही जाण्या-येण्याचा हक्क गमावणे, हे स्पष्टपणे घातलेले आहे. १९८२ मध्ये दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालय आणखी पुढे गेले : किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करून घेणे हेही घटनेच्या कलम २३ खालील सक्तीचे श्रम ठरते. म्हणजे रोजगाराचे स्वातंत्र्य कशावर मोजावे, याचे उत्तर आपल्या कायद्यात पन्नास वर्षांपासून लिहिलेले आहे, आणि ते काम सोडून जाता येणाऱ्या माणसाच्या बाजूने लिहिलेले आहे. कोणत्याही क्रमवारीत या निकषाला गुण नसतात.

गुजरात वाईट आणि महाराष्ट्र चांगला असे मला सुचवायचे नाही, कारण वस्तुस्थिती तशी सरळ नाही. गुजरात सरकारने ऊसतोडीचे किमान वेतन टनावर ठरवले आहे आणि ते काही वर्षांपूर्वी २३८ रुपयांवरून दुप्पट, म्हणजे ४७६ रुपये केले. आपल्याकडे तोडणीचा दर साखर संघ आणि मजुरांच्या संघटना यांच्यातील करारातून ठरतो. जानेवारी २०२४ मध्ये त्यात ३४ टक्के वाढ झाली, तरी तो गुजरातच्या आकड्याच्या खालीच राहिला. कागदावर पाहिले तर मालकांचे म्हणून ओळखले जाणारे राज्य इथे पुढे आहे. मात्र दोघांनी दिवसभर राबून टन-दीड टन ऊस तोडला तर एकेकाच्या वाट्याला काय येते, आणि त्यातून दीडपट उचल वजा केली तर काय उरते, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

आणखी एक. परराज्यात नेलेल्या मजुरांसाठी १९७९ चा स्वतंत्र कायदा होता, आणि त्यात प्रवासखर्चाबरोबर महिन्याच्या मजुरीच्या निम्मा विस्थापन भत्ता होता. नव्या संहितेत प्रवासाची रक्कम आहे, विस्थापन भत्ता नाही. आणि जो कायदा पाच परप्रांतीय मजुरांपासून लागू होत असे, तिथे आता दहा मजुरांची अट आहे. आपल्याकडे ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ झाले, ते महाराष्ट्रातल्या कारखान्यांकडून टनामागे रक्कम घेऊन. आमचे लोक तोडतात तो ऊस गुजरातचा.

लिंबायतकर (सुरत, मूळ पारोळा) :

ताईंनी लिहिले ते शेतातले. मी यंत्रमागावरचे लिहितो, कारण तिथे चित्र वेगळे आहे आणि व्यापारी मंडळींचे म्हणणे अगदीच निराधार नाही, हेही कोणी तरी सांगितले पाहिजे.

लिंबायत, उधना, दिंडोली या भागात आपले खान्देशी लोक इतके आहेत की बाजारात अहिराणीत भाव करता येतो. भुसावळच्या गाडीतून उतरलेल्या पोराला इथे दुसऱ्या दिवशी काम मिळते. ओळखीचा एक माणूस पुरतो. बारा तासांची पाळी, मजुरी मीटरवर. एका खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, जमले नाही तर माणूस दुसऱ्या खात्यात जातो, त्याला कोणी अडवत नाही. उचल घेतलेल्या कोयत्यापेक्षा हा माणूस निश्चित मोकळा आहे. पारोळ्यात बसून कायदेशीर नोकरीची वाट पाहणाऱ्या माझ्या वर्गमित्रांपेक्षाही मी स्वतःला मोकळा समजत आलो.

त्या मोकळीकीची किंमत नंतर कळते. मी जिथे सर्वांत जास्त काळ काम केले, तिथल्या हजेरीपत्रकावर माझे नाव आलेच नाही. पुढे ग्रॅच्युइटीचा विषय निघाला तेव्हा मी तिथे कामाला होतो हे दाखवणारा एकही कागद माझ्याजवळ नव्हता. मी गेलो काय आणि राहिलो काय, मालकाला सारखेच. आणि मलाही त्याला विचारण्याचा हक्क राहिला नाही. नव्या संहितेने दहा किंवा अधिक कामगारांच्या ठिकाणी प्रत्येकाला नेमणूकपत्र देणे बंधनकारक केले आहे. ते खरोखर हातात पडू लागले, तर आमच्यासारख्यांसाठी इतर सगळ्या तरतुदींपेक्षा मोठी गोष्ट होईल.

न्यायालयाचेही एक उदाहरण आहे. एप्रिल २०२० मध्ये गुजरात सरकारने अधिसूचना काढून कारखान्यांना दिवसाला बारा आणि आठवड्याला बहात्तर तास काम घेण्याची, आणि जादा तासांना दुप्पट नव्हे तर साध्या दराने मजुरी देण्याची सवलत दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी ती रद्द केली आणि त्या काळातील जादा कामाची मजुरी कायद्यानुसार देण्याचा आदेश दिला. म्हणजे राज्य कितीही मोकळे झाले तरी त्याला एक कुंपण आहे.

आणि खरा उपयोग झाला तो कामगार कायद्यात मोडत नसलेल्या गोष्टीचा. ऑगस्ट २०१९ मध्ये शिधापत्रिका परराज्यात चालण्याची सुरुवात ज्या राज्यांपासून झाली त्यांत महाराष्ट्र-गुजरात ही जोडी होती. गावाकडच्या कार्डावर सुरतेत धान्य मिळू लागले, की भावाचा पगार थकला तरी माणूस लगेच कोणापुढे हात पसरत नाही. बांधकाम मजुरांची मंडळातली नोंदणी मात्र अजून ज्या त्या राज्याची आहे. इकडची तिकडे चालत नाही.

नवापूरकर :

आमच्या रेल्वे स्थानकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे, त्यामुळे राज्यांची तुलना आम्ही बाकावर बसल्या बसल्या करतो. एक सांगतो : नवापूरच्या एमआयडीसीत सुरतेचे कापडवाले आले आहेत. कामगार कायदा एवढा जाचक असता तर ते उलट्या दिशेने आलेच नसते. ते आले विजेच्या सवलतीसाठी.

मिरचीपथारी (नंदुरबार) :

सर्वांचे आभार. तीनशेच्या आकड्याबद्दल माझ्या मनात जी भीती होती ती गेली. आता आप्पांना थेट विचारतो. आमच्या पथारीवर बाया किलोवर देठ खुडतात. दिवसाचा रोज ठरलेला नाही. त्यांना टोळीने आणणारा एक माणूस आहे आणि पैसे आम्ही त्याच्या हातात देतो. नवीन युनिटमध्ये हीच पद्धत ठेवली तर त्या बाया आमच्या कामगार संख्येत धरल्या जातील का? व्यारा किंवा खेतियाला हे वेगळे असेल का?

आप्पा (जळगाव) :

वेगळे असणार नाही, आणि आपली अडचण आहे ती नेमकी इथेच आहे.

किमान वेतनाला कामगार संख्येची अट नाही. वेतन संहिता एका माणसालाही लागू आहे. किलोवर मजुरी देण्यास कायद्याची हरकत नाही, परंतु नेहमीच्या गतीने दिवसभर खुडणाऱ्या बाईच्या हातात त्या परिमंडळातील किमान रोजापेक्षा कमी रक्कम पडता कामा नये. एखाद्या बुधवारी, ना पहिल्या ना शेवटच्या तोडीच्या मालावर, चार-पाच जणी दिवसाकाठी किती किलो खुडतात ते स्वतः वजन करून पाहा. दर बरोबर आहे की नाही ते त्यातच कळेल. मध्य प्रदेशात २०२४ मध्ये वाढवलेले किमान वेतन काही महिने न्यायालयाच्या स्थगितीत अडकले होते, म्हणून खेतियाच्या कुणी सांगितलेल्या जुन्या दरावर हिशेब मांडू नका.

टोळीवाल्यामार्फत आणलेल्या बाया आपल्या नाहीत, हा समज सर्वत्र आहे आणि तो चुकीचा आहे. भविष्य निर्वाह निधीसाठी माणसे मोजताना ठेकेदारामार्फतची माणसेही मोजली जातात. ठेकेदारी कामगारांविषयीच्या तरतुदी नव्या संहितेत पन्नास कामगारांपासून लागू होतात, पूर्वीच्या केंद्रीय कायद्यात ही मर्यादा वीस होती. आणि त्या लागू असतील तेव्हा ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती भरून देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. त्यापेक्षा बायांच्या नावाने खाती उघडून घ्यावीत, मजुरी थेट खात्यात जमा करावी आणि टोळीवाल्याला त्याचे कमिशन वेगळे द्यावे. तळोद्याच्या ताईंनी सांगितलेली चिठ्ठी आपल्या पथारीवर निघत असेल, तर तिच्यावर किलोचा आकडा आधी लिहायला लावा.

राहिली जागेची गोष्ट. कामगार कायद्याचा रकाना तिन्ही ठिकाणी जवळजवळ सारखा भरणार असल्याने तो बाजूला ठेवून वीजदर, पाणी, मिरचीची आवक आणि मंडी शुल्क एवढ्यावरच निर्णय करावा. सेंधवा-खेतियाकडचे जिनिंगवाले भेटतात तेव्हा तासभर मंडी शुल्काबद्दलच बोलत असतात, कामगारांबद्दल चकार शब्द काढत नाहीत. शहाद्याला कुणी ओळखीचा असेल तर त्याच्याबरोबर एकदा तिकडे जाऊन त्यांच्या पावत्या पाहून या.